मामांच्या कॉम्प्युटरचा ताप



गेल्या अंकातल्या मिक्सरच्या लेखानंतर तुमच्यापैकी काही जणांनी कळवलं, की आता घरातलं काहीही बिघडलं तरी आधी स्वतः उघडून बघतो. वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. कारण या वेळी जी गोष्ट सांगणार आहे, ती ‘स्वतः उघडून बघितल्या’मुळेच बिघडलेल्या एका कॉम्प्युटरची आहे. उघडणारी मीच होते.

मे महिन्यात आम्ही जोयड्याला गेलो होतो. जोयडा माझं आजोळ. दांडेली सोडून गणेशगुडीला काळी नदी ओलांडली, की लेकाचा मोबाइल हळूहळू गप्प होतो आणि तो खिडकीबाहेर बघायला लागतो. तिथेच सुप्याचं धरण दिसतं, १०१ मीटर उंच. त्या पाण्याखाली जुनं सुपा गाव आहे. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं हे तालुक्याचं गाव. धरण झालं, गाव पाण्यात गेलं, बरीच कुटुंबं रामनगरला वसवली गेली आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. तुमच्यापैकी ज्यांचं मूळ या बाजूचं आहे, त्यांनी हे आजीआजोबांकडून ऐकलं असेलच.

माझे मामा त्या जुन्या सुप्यातले. मराठी शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम हाती घेतलं: पाण्याखाली गेलेलं गाव आठवून लिहून काढायचं. कुठल्या गल्लीत कुणाचं घर होतं, बाजाराच्या दिवशी कोण कुठे बसायचं, कुठल्या शेताला काय नाव होतं, विहिरी किती आणि कुणाच्या. स्वतःला आठवत नसेल तर रामनगर, दांडेली, बेळगावपर्यंत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि घरी येऊन दोन बोटांनी टाइप करायचं. तीनशेच्या वर पानं झाली आहेत. हे सगळं २०१३ साली घेतलेल्या एका डेस्कटॉपवर.

या खेपेला गेले तर कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ घातलेला आणि वर फणसाच्या गऱ्यांचं ताट ठेवलेलं.

“मामा, लिखाण बंद?”

“वर्ष होत आलं, बाय. दहा मिनिटं चालतो नि पटकन बंद पडतो. दुकानात नेला होता. मदरबोर्ड गेला म्हणाले, नवीन घ्या. मी म्हटलं, माझंच वय झालंय, त्याचं का होणार नाही?”

एवढं बोलून मामा अंगणात गेले. ज्या माणसाने पंधरा वर्षं हे काम केलं, तो असं बोलतो म्हणजे त्याने मनातून ते सोडलंय, हे मला कळलं.

आधी लक्षण ओळखा

“दहा मिनिटांनी बंद पडतो” हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय बिघडला असेल, तर मशीन कधीही बंद पडतं; दोन मिनिटांत किंवा दोन तासांत. पण गार असताना नीट चालू होणं, ठरावीक वेळाने बंद पडणं, अर्धा तास थांबलं की पुन्हा तेवढंच चालणं, हे तापाचं लक्षण आहे. प्रोसेसर फार तापला तर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही ताप उतरला नाही तर जळण्यापेक्षा बंद होतो. ही त्याची सुरक्षाव्यवस्था आहे. बऱ्याच प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते.

हे तपासायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. कॉम्प्युटर सुरू होतानाच बायॉसमध्ये जायचं. तिथे ‘हार्डवेअर मॉनिटर’सारख्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. आम्ही बघत बसलो. ५८, ६७, ७५, ८४. काहीही काम चालू नसताना! पंखा विमानासारखा घोंघावत होता. ९० ओलांडल्यावर थोड्याच वेळात पडदा काळा झाला.

लेक म्हणाला, “आई, उघडू या?”

मी म्हटलं, आधी मामांची पानं. अर्धा तास मशीन गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं लिखाण पेन ड्राइव्हवर घेतलं. तिथून माझ्या लॅपटॉपवर दुसरी प्रत केली. पंधरा वर्षांचं काम आणि आकार एका सिनेमाच्या पोस्टरएवढासुद्धा नाही. मंडळी, हा नियम पाठ करा: दुरुस्तीला हात लावण्याआधी प्रत काढायची. मशीन नवीन मिळतं.

भाकरी आणि तवा

मामी विचारत होत्या, की त्या डब्यात एवढं तापतं तरी काय. त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. मामांच्या मशीनमधला प्रोसेसर ५५ वॉटच्या वर्गातला. म्हणजे बोटभर लांबीरुंदीच्या चकतीत जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता. ती बाहेर काढायला त्याच्यावर अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, पात्यापात्यांचा ठोकळा बसवतात. तो हीटसिंक, आणि त्याच्यावर पंखा.

आता प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसले तरी तसे नसतात. बारीक खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. भाकरी तव्यावर सपाट बसली नाही, खाली हवा राहिली, तर तेवढा भाग कच्चा राहतो की नाही? तसंच. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. उष्णता वाहून नेण्याच्या मापात हवेचा आकडा सुमारे ०.०२६, तांब्याचा सुमारे ४०० आणि साध्या थर्मल पेस्टचा चार-पाचच्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा दीडशे-दोनशे पट चांगली, पण तांब्यापेक्षा ऐंशी-शंभर पट वाईट. त्यामुळे पेस्टचं काम फक्त खळगे भरण्याचं. थर जितका पातळ, तितकं चांगलं. जाड लेप दिला तर तीच अडथळा होते.

ही पेस्ट बहुधा सिलिकॉन तेलासारख्या द्रवात झिंक ऑक्साइड किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी पूड मिसळून केलेली असते. वर्षानुवर्षं तापून-निवून तेल सुटतं, पूड सुकते, भेगा पडतात. मग त्या भेगांत पुन्हा हवा.

शेवटचं कुणी उघडलं होतं?

प्लग काढला, पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला आणि बाजूचा पत्रा काढला.

हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गोधडी झाली होती. तांबडी माती आणि चुलीचा धूर यांनी मिळून ती चांगली चिकट केलेली. हे अपेक्षितच होतं. पण त्याखाली एक गोष्ट दिसली आणि मी थांबले. हीटसिंक चार प्लास्टिकच्या खिळ्यांनी बोर्डवर बसतो. त्यातला एक खिळा पूर्ण आत गेलेलाच नव्हता. ठोकळा एका कोपऱ्यात किंचित उचललेला.

खिळे बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवले, पंख्याची वायर काढली आणि ठोकळा डावी-उजवीकडे हलकेच पिळत उचलला. खाली पेस्टची दोन बेटं होती, भिंतीवरच्या सुक्या चुन्यासारखी, आणि मध्ये कोरडी पट्टी. एका थरावर दुसऱ्यांदा बसवल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. कुणीतरी हीटसिंक काढून, जुनी पेस्ट तशीच ठेवून, परत दाबून टाकला होता.

लेकाने सहज विचारलं, “आई, हे शेवटचं कुणी उघडलं होतं?”

आदल्या वर्षी दिवाळीत मी. निघायच्या दिवशी, गाडीला तासभर वेळ होता म्हणून, “मामा, धूळ साफ करून देते” म्हणत. हीटसिंक काढला, ब्रशने झटकला, परत बसवला. पेस्ट नव्हती माझ्याकडे. जुनी आहे की, चालेल, असं वाटलं होतं. चौथा खिळा ‘टक’ वाजला की नाही हे बघितलंही नव्हतं. सगळे वाहवा करत होते आणि मी हात झटकत रिक्षात बसले होते.

तापून आणि धूळ साचून त्यानंतर काही महिन्यांनी मशीन बंद पडायला लागलं. दुकानदाराचा अंदाज चुकला असेल, पण मूळ चूक माझी होती. एकदा हीटसिंक उचलला, की जुन्या पेस्टमध्ये हवा शिरते. ती पूर्ण पुसून नवीन लावायची असते. याला अपवाद नाही.

पुसायचं कशाने?

घरात काय आहे ते लेकाने गोळा केलं: सॅनिटायझर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर. सगळं परत पाठवलं. सॅनिटायझरच्या जेलमध्ये ग्लिसरीन आणि पाणी असतं, मागे थर राहतो. रॉकेल तेलकट, आणि पेट घेईल ते वेगळंच. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन प्लास्टिक खातं. अत्तराबद्दल बोलायलाच नको.

लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं. ते जुनं तेल विरघळवतं आणि काही मागे न ठेवता उडून जातं. औषधाच्या दुकानात बहुधा ७० टक्क्यांचं मिळतं. नाइलाज असेल तर तेही चालतं, फक्त त्यात पाणी जास्त म्हणून वाळायला भरपूर वेळ द्यायचा. चांगली जागा म्हणजे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बोर्ड पुसायला त्यांच्याकडे ते असतंच. लेक सकाळच्या बसने दांडेलीला गेला आणि अल्कोहोलची छोटी बाटली व पेस्टची एक सिरिंज घेऊन आला. बाटलीजवळ चूल, निरांजन, उदबत्ती नको आणि खिडक्या उघड्या हव्यात. तिची वाफही पेट घेते.

आता क्रम सांगते.

पहिल्यांदा हीटसिंक, तो बोर्डपासून लांब नेऊन. पंखा एका बोटाने धरून ब्रशने धूळ काढली. मग तळावर अल्कोहोलने ओलं केलेलं कापड मिनिटभर ठेवलं. सुकलेली पेस्ट मऊ होते. घट्ट खपली राहिली तर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडायची. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, तारेची घासणी यांना मनाई. ओरखडा पडला की नवीन खळगा.

मग प्रोसेसर. तो सॉकेटमधून काढायचा नाही, जागेवरच राहू द्यायचा. अल्कोहोल त्याच्यावर ओतायचं नाही. कापडावर घ्यायचं आणि कडेकडून मध्याकडे पुसायचं, म्हणजे पेस्ट बाजूला पसरत नाही. कापड धागे न सोडणारं हवं. मामांच्या चष्म्याचं फडकं कामी आलं. दर वेळी स्वच्छ बाजू. तीन-चार वेळा पुसल्यावर फडक्याला काही लागेना आणि झाकणावर कोरलेली अक्षरं लख्ख दिसायला लागली. कोपऱ्यांसाठी इअरबड. त्यानंतर बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेलही थरच करतं. पाच मिनिटं वाळू दिलं.

पेस्ट भाताच्या एका मोठ्या शितापेक्षा थोडी जास्त, बरोबर मध्ये. बोटाने पसरवायची नाही. वरून दाब आला की ती आपोआप पसरते. हीटसिंक सरळ खाली ठेवला. खिळे उलट फिरवून मूळ जागी आणले आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांचे आळीपाळीने दाबले. चार वेळा ‘टक’ ऐकलं. या वेळी लेकाला मोजायला लावलं. प्रत्येक खिळा हलकेच ओढून बघितला. पंख्याची वायर परत जोडली. ती विसरलात तर सगळी मेहनत वाया.

बायॉसमध्ये तापमान ३९ वरून चढत ४६ ला गेलं आणि तिथेच बसलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. तेवढ्यात वळवाचा गडगडाट झाला आणि दिवे गेले. पडदा काळा पडल्याबरोबर मामी ओरडल्या, “गेला परत!” आम्ही सगळे हसलो, पण मामा नाही हसले. वीज आली, मशीन सुरू झालं, दोन तास चाललं, तेव्हा कुठे त्यांनी खुर्ची ओढली.

जे पुसता आलं नाही

रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना सांगितलं, की हे माझ्यामुळे झालं होतं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे मदरबोर्ड चांगला आहे ना?”

“हो मामा.”

“मग बरं.” थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “या वर्षात दोघे गेले गं. बाजारामागच्या गल्लीतली घरं त्यांनाच ठाऊक होती. मशीन बंद म्हणून मीही त्यांच्याकडे गेलो नाही. वहीत लिहून ठेवलं असतं तरी चाललं असतं. ते माझं चुकलं.”

ते त्यांचं चुकलं नव्हतं, हे मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, विषय संपवला. त्या गल्लीचं पान अजून अर्धं आहे आणि ते अर्धंच राहील. एक न वाजलेली ‘टक’ एवढं नेऊ शकते, हे मला आधी कळलं नव्हतं. म्हणून ही गोष्ट स्वतःची फजिती असूनही इथे सांगितली.

तुमच्यासाठी थोडक्यात

पेस्ट दर वर्षी बदलायची गरज नाही. चांगली लावलेली पेस्ट कित्येक वर्षं टिकते. तापमान पूर्वीपेक्षा चढलं असेल किंवा हीटसिंक कुठल्याही कारणाने उचलला असेल, तरच बदला. धूळ मात्र वर्षातून एकदा तरी काढा, आणि त्यासाठी हीटसिंक उचलायची गरज नसते.

एएमडीच्या एएम४ पर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरना पाय खाली असतात. पेस्ट सुकून घट्ट झाली असेल तर हीटसिंक ओढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पाय वाकतात. आधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, वीज बंद करा, मग पिळत उचला.

गॅलियमची ‘लिक्विड मेटल’ पेस्ट भारी म्हणून घेऊ नका. ती अॅल्युमिनियमच्या हीटसिंकला खाते आणि विजेची वाहक असल्याने सांडली तर बोर्डही जातो. टूथपेस्टचा उपायही नको. पाणी उडालं की तिचा खडू होतो.

लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर बहुधा झाकण नसतं, चिपचे कोपरे नाजूक असतात. वॉरंटी असेल तर मुळीच उघडू नका. सवय नसेल तर जाणकाराच्या शेजारी बसून एकदा बघा.

आणि हे काम छोटं समजू नका. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे, ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा, २०२४ साली देशाला अर्पण झालेला. आपल्या पावसाचे अंदाज काढायला तो वापरतात. तिथेही इंजिनिअरांपुढचा एक मोठा प्रश्न मामांच्या टेबलावरचाच आहे: चिपमधली उष्णता बाहेर कशी काढायची.

शेवटचं काम लेकाने केलं. मामांच्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आणि दोन पेनं ठेवली. म्हणाला, “आजोबा, हा बंद पडला तर ही चालू.” सध्या तो दर रविवारी त्यांना फोन करतो. मामा तोंडी सांगतात, तो इथे टाइप करतो. त्याचं शुद्धलेखन भयंकर आहे, असं मामांचं मत आहे.

तुमच्या घरात असं कुणी आठवून लिहिणारं असेल, तर या आठवड्यात त्यांच्या लिखाणाची एक प्रत काढा. आणि लिहिणारं कुणी नसेल, तर विचारायला तरी जा.

पुढच्या अंकात भेटू, कुकरच्या शिट्टीसह.